रांगेत एकटे खैरनार

आमच्या खालच्या मजल्यावरचे सुधीर खैरनार चहा चालत पितात. बसा म्हटलं की "बसतो ना" म्हणतात आणि कप घेऊन बाल्कनीपर्यंत जातात, परत येतात, पुन्हा जातात. तोंड चालूच असतं, त्यामुळे अर्धी वाक्यं आपल्याला ऐकू येतात आणि अर्धी समोरच्या इमारतीला. माणूस मूळचा नाशिकचा, इथे स्टुटगार्टमध्ये गाड्यांचे ब्रेक तपासायच्या नोकरीला. "स्वतःला मात्र एकही ब्रेक बसवून घेतला नाही," असं त्यांची बायको मनीषा म्हणते.

"उशीर झालाच समजा!" हे त्यांचं पालुपद. एस-बान, म्हणजे इथली लोकल, यायला दहा मिनिटं असोत की गणपती यायला सहा महिने, उशीर झालेलाच असतो.

मागच्या हिवाळ्यात या धावपळीला खरंच निमित्त मिळालं. खैरनारांच्या जुळ्या मुली, जाई आणि जुई, चौथीत होत्या. दिवसभर जर्मनमध्ये भांडायच्या आणि एकमेकींशिवाय जेवायच्या नाहीत. इथे चौथीनंतर मुलांची वाटणी होते. अभ्यासात पुढे असतील त्यांची शिफारस गिम्नाझियमला, बाकीच्यांची दुसऱ्या शाळांना. जाईला गिम्नाझियम मिळालं, जुईला नाही.

आता कुणीही बाप काय करेल? जाईचे पेढे वाटेल आणि जुईला शिकवणी लावेल. खैरनारांनी तिसरंच काढलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला टेकडीवर एक सरकारी शाळा आहे. पहिलीपासून थेट आबिटुरपर्यंत, म्हणजे आपल्या बारावीपर्यंत, सगळी मुलं एकत्र. कुणालाही मधेच वेगळं काढत नाहीत.

"दोघी तिथेच जाणार. विषय संपला!"

संपतोय कसला! मराठी मंडळात महिनाभर तोच विषय. "हातातलं गिम्नाझियम सोडून? डोकं फिरलंय का या माणसाचं?" हळदीकुंकवाला मनीषा माझ्याजवळ रडली. "एकीसाठी दुसरीचं नुकसान करतायत हो हे. आणि का म्हणून विचारलं, की बूट घालून खाली फिरायला जातात." मलाही तिचंच पटत होतं, आणि मी काही मनात ठेवणारी बाई नाही. खैरनारांना तोंडावर सांगितलं. ते "गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर" म्हणाले आणि कप घेऊन बाल्कनीकडे गेले.

नावनोंदणीचा दिवस आला. माझं जर्मन बरं, म्हणून मी बरोबर जायचं ठरलं होतं. शाळेचं ऑफिस नऊला उघडतं, म्हटलं आठला निघू. पहाटे पाचला दारावर धाडधाड. दारात खैरनार. डोक्याला कानटोपी, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची, पाठीवरच्या सॅकमध्ये पोळीभाजीचा डबा.

"वहिनी, चला चला! रांग लागली असेल. उशीर झालाच समजा!"

पुण्यात असताना मुलींच्या बालवाडीच्या अर्जासाठी ते असेच उजाडायच्या आत जाऊन उभे राहिले होते, आणि तरी त्यांच्यापुढे गल्ली भरून माणसं होती म्हणे. ती धास्ती अजून गेलेली नाही.

इथे कसली रांग आणि कसलं काय! बर्फ, बंद फाटक आणि आम्ही दोघं. उजाडता उजाडता शाळेचा हाउसमाइस्टर, म्हणजे पडेल ती दुरुस्ती आणि राखण करणारा माणूस, फावडं घेऊन बर्फ काढायला आला. त्याला वाटलं आमची गाडी बंद पडली. मी सांगितलं, हे नंबर लावायला आलेत. "कसला नंबर? नोंदणी तर तीन दिवस चालणार आहे," तो म्हणाला.

"ते राहू दे. पहिले आपण आलोय, एवढं त्याला लक्षात ठेवायला सांगा," खैरनार म्हणाले. मग पाय गारठायला लागले म्हणून त्यांनी त्याचं फावडं मागून घेतलं. मुख्याध्यापिका बाई आल्या तेव्हा निम्म्या अंगणातलं बर्फ काढून झालं होतं आणि मी खुर्चीत बसून पोळीभाजी खात होते. लाज कसली, भूक लागली होती.

बाईंनी आत नेलं. कागद पाहिले आणि सरळ विचारलं, "जुईचं समजलं. पण जाईला गिम्नाझियम मिळतंय, तर तिलाही इथेच का? आमच्याकडे जागा थोड्या आहेत."

मी मराठीत सांगितलं. खैरनार येरझाऱ्या घालत खिडकीशी गेले आणि पाठमोरेच बोलले.

"त्यांना सांगा, आम्हीही जुळेच. मी आणि सुनील. पाचवीला तो अ तुकडीत गेला आणि मी ड. घरून बरोबर निघायचो. शाळेचं फाटक दिसलं की तो पुढे पळायचा. 'ढ'चा भाऊ म्हणून पोरं चिडवायची ना त्याला. त्याचं काही चुकलं नाही हो, लहान होता. पण मग घरीसुद्धा तसंच होत गेलं. आता काय, दिवाळीचा मेसेजसुद्धा नाही."

चार वर्षांच्या शेजारात त्यांच्या तोंडून भावाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मी ते सगळं बाईंना जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनी खैरनारांसाठी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो मी पिऊन टाकला.

संध्याकाळी मी मनीषाला सगळं सांगितलं. दीर आहे आणि बोलणं नाही, एवढंच तिला लग्नापासून ठाऊक होतं. गिम्नाझियमची नोंदणी दुसऱ्या दिवशी होती, तिकडे जाईचं नाव घालायला ती गेलीच नाही.

वसंतात शाळेचा होकार आला, दोघींनाही. खैरनार पेढे घेऊन वर आले, पण डबा हातातच धरून उभे.

"वहिनी, सुनीलला कळवावं म्हणतो. एकट्याला धीर होत नाही. तुम्ही नुसत्या थांबा."

फोन त्यांनी स्पीकरवर लावला. खूप वेळ वाजला. मग पलीकडून हुबेहूब खैरनारांचाच आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?"

सख्ख्या भावाचा नंबरही तिकडे नव्हता.

"मी सुधीर," खैरनार म्हणाले.

त्यानंतर कितीतरी वेळ दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही, आणि फोनही कुणी ठेवला नाही.