भाच्याचं तिसरं मागणं

"या फोटोंच्या खुळापायी एक दिवस मला वेड लागेल, रौशानताई! तुमच्या येलदोसला सांगा, यंदा मागूनच टाक म्हणावं. त्याला नाही म्हणायची यांची टाप नाही."

कुल्याश स्वयंपाकघरात फोनवर नणंदेशी बोलत होती. आपण अगदी हळू बोलतोय असा तिचा समज होता. पण कुल्याशच्या हळू आवाजाने शेजारच्या अंगणातलं कुत्रं उठून बसतं. तिचा नवरा ओरिनबेक दाराशी एका पायात बूट घालून उभा होता. दुसरा बूट त्याच्या हातातच राहिला.

"हो ना, तिसरं मागणं अजून शिल्लक आहे त्याचं," कुल्याश पुढे म्हणाली. "जेवणं झाली की सगळ्यांसमोर मागू दे. मग बघतेच कसे सुटतात ते!"

ओरिनबेक दाराशीच खाली बसला. भाचा येणार, मागणार, आणि काय मागणार हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? कॅमेरा! त्याचा कॅमेरा!

आता, ओरिनबेक हा कारकाराली गावाला ऊब पुरवणाऱ्या बॉयलर-घरातला फोरमन. दिवसभर बॉयलरच्या सहवासात राहून माणूस बोलणार तरी काय? घरी आला की कुल्याश बोलते, तो ऐकतो. पण नवीन वर्षाच्या आधीच्या रविवारी तो सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावतो, टीव्हीला लॅपटॉपची तार जोडतो आणि वर्षभरातले आपले आवडते फोटो दाखवतो. वर्षभराचं साचलेलं बोलणं त्या एका दिवशी बाहेर पडतं. त्याला छंद बस-थांब्यांचा. सोव्हिएत काळातले ते रंगीत फरश्यांचे, मोडके, माळरानावर एकटेच उभे असलेले बस-थांबे. सुट्टी मिळाली की हा माणूस चारशे-पाचशे किलोमीटर जाऊन एका थांब्याचा समोरून, मागून, उन्हात, धुक्यात फोटो काढून येणार. कुल्याशला बालखाश तळं दाखवायला म्हणून नेलं, ते वाटेतले सतरा थांबे दाखवून तिला परत आणलं. तळं उजवीकडे कुठेतरी होतं म्हणे.

बाल्झान आत्या, म्हणजे ओरिनबेकच्या वडिलांची बहीण, दरवर्षी मानाच्या जागेवर बसून तिसऱ्या फोटोला विचारायची, "अरे, पण बस कधी येणार?"

असं ते प्रकरण. आणि आता त्याच्या मुळावरच भाचा उठला होता.

भाच्याने आयुष्यात तीनदा मामाकडे हवं ते मागावं आणि मामाने हूं की चूं न करता द्यावं, हा आमच्याकडचा रिवाज. नाही म्हणणाऱ्या मामाचा हात पुढे जन्मभर थरथरतो. येलदोसने सातव्या वर्षी शिंगरू मागितलं, दिलं. लग्नात मोटारसायकल मागितली, तीसुद्धा बाजूच्या डब्यासकट! तीही दिली. त्या मोटारसायकलचं नाव निघालं की अजून ओरिनबेक अंगणातल्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघतो. राहिलं होतं तिसरं. नकार द्यावा तर हात थरथरणार, आणि हात थरथरणाऱ्या माणसाने फोटो काय डोंबल काढायचे? म्हणजे दिला तरी कॅमेरा गेला आणि नाही दिला तरी गेल्यात जमा.

"मेलो," ओरिनबेक बुटाला म्हणाला.

दोन दिवस त्याने बॉयलरपाशी बसून विचार केला आणि एक नामी युक्ती काढली. भाच्याने दुसरंच काहीतरी मागितलं की झालं! तिसरं मागणं तिथेच खर्ची पडेल.

रविवारी येलदोसची गाडी कारागांडाहून दारात आली, तर मामा बर्फात मेंढा घेऊन उभा.

"ये रे ये! हा मेंढा बघितलास? काय चरबीदार शेपूट आहे, बघ तरी! असा मेंढा मागून मिळायचा नाही. म्हणजे… मागितला तर मिळेल."

"छान आहे मामा," येलदोस म्हणाला. "पण आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कुठे ठेवू?"

घरात शिरल्यावर मामाने खोगीर दाखवलं. मग आजोबांची बंदूक. मग डोक्यावरची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी काढून भाच्याच्या डोक्यावर ठेवली आणि चार पावलं मागे जाऊन म्हणाला, "अरे, तुझ्यासाठीच शिवलीय जणू! माग की, लाजतोस काय?"

येलदोसने टोपी काढून अदबीने परत दिली. त्याचा चेहरा ओशाळला होता. "मामा, मला जे मागायचंय ते मी जेवणानंतर मागेन. तुम्ही रागावणार नाही ना?"

झालं! ओरिनबेकला घाम फुटला. बाहेर उणे वीस आणि याच्या कपाळावर घाम.

आता एकच उपाय. कॅमेरा गायब करायचा. चोरीला गेला म्हणावं. त्याने तो आधी पेटीत, रजयांच्या थरात कोंबला. पण बाल्झान आत्याला जेवणाआधी आडवं व्हायचं होतं, आणि आत्याला पाठीखाली मऊ लागतं म्हणून कुल्याश रजया काढायला निघाली. ओरिनबेकने धावत जाऊन कॅमेरा काढला आणि परसातल्या वाफेच्या न्हाणीघरात नेला. तर तिथे मेव्हणे, म्हणजे रौशानताईचे यजमान, चूल पेटवून, टॉवेल गुंडाळून बसलेले. "या या, पाठ चोळता का जरा?" चोळावी लागली. शेवटी त्याने कॅमेरा दोन लोकरी मोज्यांत घातला, मोजे पिशवीत घातले, वरून बाउरसाकांचा, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, ढीग ओतला, पिशवीला गाठ मारली आणि कोठीघरात कोपऱ्यात ठेवून दिली. बाउरसाकांचे गोळे टोपलीभर पडलेले असताना पिशवीतले कोण खायला जातंय?

तेवढ्यावर थांबला असता तरी बरं. पण भित्र्या माणसाचं डोकं जरा जास्तच चालतं. त्याला वाटलं, चोरीचं कुणाला पटलं नाही तर? त्यापेक्षा कॅमेरा अगदी टाकाऊ आहे असं दिसू दे. म्हणून त्याने निवडलेल्या फोटोंबरोबर टाकून दिलेलेही सगळे टीव्हीवर लावले. हललेले, काळे पडलेले, बोट मध्ये आलेले.

मांसाचं बेशबारमाक खाऊन झालं, चहा झाला, आणि कार्यक्रम सुरू झाला.

"हा जाना-अर्काच्या वाटेवरचा थांबा," ओरिनबेक म्हणाला. "दिसत नाहीये. कॅमेरा भिकार आहे. हा तोच थांबा, थोडा जवळून. हाही दिसत नाहीये. हे माझं बोट. हेही बोटच, पण दुसऱ्या दिवसाचं."

"बस?" आत्याने विचारलं.

"नाही आत्या."

दरवर्षी दोन तास चालणारा कार्यक्रम त्या दिवशी चार तास उलटले तरी संपेना. मेव्हणे बसल्या बसल्या घोरू लागले. आयझात, म्हणजे येलदोसची बायको, डोळे मिटू नयेत म्हणून स्वतःला चिमटे काढत होती. आणि रौशानताई मुलाला चिमटे काढत होती. "माग! आता तरी माग रे! मी इथेच मरेन!"

अंधारात बोटाचा आणखी एक फोटो आला, तेव्हा येलदोस उठून उभा राहिला.

"मामा! माझं तिसरं मागणं!"

खोली खडबडून जागी झाली. ओरिनबेकने दोन्ही हात पाठीमागे लपवले. ते थरथरायला आधीच लागले होते.

"कॅमेरा चोरीला गेलाय," तो एका दमात म्हणाला.

"कॅमेरा?" येलदोस गोंधळला. "कॅमेरा कोण मागतंय? मामा… राग मानू नका. तुमचा हा फोटोंचा कार्यक्रम… तो यापुढे नको. एवढंच मागतो."

ओरिनबेक सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. बायको रजईची शिवण उसवत होती. ताई छताकडे बघत होती. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्याला वाईट वाटलं. कॅमेरा वाचला याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो झाला नाही. वर्षातून एकदा आपण बोलतो, आणि यांना तेवढंही जड होतं.

"दिलं," तो म्हणाला आणि त्याने टीव्हीची तार काढली.

मग एकदम सगळे त्याच्याशी गोड बोलायला लागले. मेव्हण्यांनी खांद्यावर थोपटलं. आत्याने आपल्या हाताने मांसाचा तुकडा भरवला. ओरिनबेक चावत राहिला, पण त्याला चव लागेना. शेवटी बॉयलर बघून येतो म्हणून तो परसात जाऊन मेंढ्यापाशी उभा राहिला. "तुला नाही ना कंटाळा येत?" त्याने विचारलं. मेंढ्याने मान फिरवली.

परत आला तेव्हा पाहुणे निघाले होते. कुल्याश दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातात सारकित देत होती. पंगतीतलं उरलंसुरलं पाहुण्यांबरोबर बांधून दिल्याशिवाय आमच्याकडे कुणी उंबरा ओलांडत नाही. येलदोसची गाडी कोपऱ्यावर वळत होती.

"येलदोसला काय दिलंस?" ओरिनबेकने सहज विचारलं.

"अहो, माझ्या तर पिशव्याच संपल्या होत्या! कोठीघरात बघते तर कुणीतरी बाउरसाकांची पिशवी आयती बांधून ठेवलेली. चांगली वजनदार होती. बरं झालं बाई."

ओरिनबेक धावला. घरातल्या चपलांवर, टोपीशिवाय, बर्फातून, "थांब! थांब रे!" असं ओरडत. गल्लीतली कुत्री मागे लागली. पुलापाशी गाडीचे मागचे दिवे लाल झाले आणि गाडी थांबली.

येलदोस खाली उतरला. त्याच्या एका हातात अर्धा खाल्लेला बाउरसाक होता, दुसऱ्या हातात मोज्यातून डोकावणारा कॅमेरा. आणि डोळ्यांत पाणी.

"मामा!" त्याने ओरिनबेकला मिठी मारली. "मी नुसतं दाखवणं बंद करा म्हटलं, तर तुम्ही कॅमेराच देऊन टाकलात? तोही मोज्यात घालून, गाडीत गार पडू नये म्हणून? आणि चोरीला गेला म्हणालात, मला जड वाटू नये म्हणून! लाज वाटते हो मला माझी!"

ओरिनबेकने तोंड उघडलं. सारकित परत मागायचं? भाच्याकडून? भर रस्त्यात? शत्रूनेसुद्धा असं कधी केलं नसेल. त्याने तोंड मिटलं.

"भिंगाला बोट लावू नकोस," तो म्हणाला. "तेलकट आहे."

घरी कुल्याशने कपाळावर हात मारला. "अहो, खरं सांगायचं होतंत!"

"काय सांगू? की बाबा रे, तुला द्यायला नको म्हणून लपवला होता?"

ओरिनबेकच्या दिलदारपणाची कारागांडापर्यंत वाहवा झाली. लोक रस्त्यात थांबून त्याच्याशी हात मिळवत. तो हात मिळवी आणि बॉयलर-घरात जाऊन बसे. उन्हाळ्यात एकदा तो नुसताच एका बस-थांब्यावर जाऊन आला. बस आली. त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता.

आणि मग डिसेंबरात येलदोसचा फोन आला. "मामा, रविवारी सगळ्यांनी यायचंय. तुमची परंपरा मी बुडू देणार नाही."

येलदोसला नाद होता बर्फात भोक पाडून मासे धरायचा. त्याच्या घरी टीव्हीवर एक भोक आलं. मग दुसरं भोक. मग तेच भोक, वाफेसकट. "हे नुरा नदीवरचं, बघा, कडा कशी निळी आहे! यात काही लागलं नाही." सगळी मंडळी भोकात टक लावून बसली. मानाच्या जागेवर ओरिनबेकला बसवलं होतं. तो अधूनमधून म्हणे, "ते मघाचं जरा परत दाखव रे. घाईने गेलं."

"काहीतरी करा हो!" कुल्याश त्याच्या कानाशी कुजबुजली. वरच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

"मी काय करणार? मामाला कुठे असतो हक्क? हक्क भाच्यांना."

येलदोसला एकच भाची. त्याची बहीण मेरुएर्त हिची दीड वर्षाची तोमिरिस. आणि रौशानताईने त्याची तयारी आधीच करून ठेवली होती. महिनाभर नातीला मांडीवर घेऊन ती एकच शब्द घोकून घेत होती, "बस! म्हण, मामा, बस!" आता तिने पोरीला उचलून टीव्हीसमोर उभं केलं.

"येलदोस, बाबा, भाचीला काहीतरी मागायचंय तुझ्याकडे. पहिलं मागणं आहे. म्हण गं सोन्या, म्हण!"

तोमिरिसने टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर भोक होतं, काळंभोर, गोल, वाफाळलेलं. ती खुदकन हसली, दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाली,

"अजून!"

"नाही नाही, तसं नाही, तिला म्हणायचं होतं…" रौशानताई घाईघाईने बोलू लागली.

"मागितलं!" ओरिनबेक गरजला. बावन्न वर्षांत त्याचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. "सगळ्यांसमोर मागितलं! येलदोस, नाही म्हणशील तर हात थरथरेल हो!"

सगळ्यांनी बाल्झान आत्याकडे आशेने पाहिलं. आत्याने लांब सुस्कारा सोडला. "भाचा काय, भाची काय, हक्क तोच."

येलदोसने डोळे पुसत भाचीचा मुका घेतला आणि पहिल्या भोकापासून पुन्हा सुरुवात केली. ओरिनबेकने पाठीशी आणखी एक लोड ओढून घेतला आणि पाय लांब केले.