बॅटरी जाऊन जाऊन कुठे जाणार?

पट्टे लावायचे नाहीत, एवढंच हेडक्लार्कनी ठरवलं होतं. होडी छोटी, मोटर विजेची, आणि तिला दोन बॅटऱ्या. एकेक उचलताना कमरेतून आवाज यावा इतकी जड. दुकानदाराने बजावलं होतं, "खोक्यात घाला, होडीच्या मध्यावर ठेवा, पट्ट्याने तळाशी आवळा. वायरीच्या टोकांना झाकणं लावा." हेडक्लार्कनी मान डोलावली (मान डोलावण्यात ऑफिसात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता) आणि बॅटऱ्या मागे, मोटरजवळ, नुसत्या ठेवून दिल्या.

"बांधल्या नाहीत?" बायकोने विचारलं. तिला पोहता येत नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा आपणहून कुठेतरी नेतोय, म्हणून ती आली होती.

"एवढं धूड, जाऊन जाऊन कुठे जाणार?"

होडी तळ्याच्या मध्यावर आली. मागे मोटर, बॅटऱ्या आणि हेडक्लार्क. पुढचं टोक वर उचललेलं, तिथे एकटी बायको, माळ्यावर बसवल्यासारखी.

"अहो, मला तळं दिसत नाहीये. नुसतं आभाळ दिसतंय."

"थांब, एक बॅटरी पुढे सरकवतो."

सरकवावी लागलीच नाही. ते उठले, होडी कलली आणि बॅटरी आपणहून निघाली. वायर तुटली, मोटर गप्प झाली, होडीच्या काठावरून पाणी आत आलं. तेवढ्यात जेवणाचा स्टीलचा डबा घरंगळत दुसऱ्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर आडवा पडला. चर्र झालं, ठिणग्या उडाल्या, धूर निघाला.

हेडक्लार्क मटकन बसले. सगळं संपलं होतं. वल्ही घरी होती (अडगळ नको म्हणून). बुडण्याचं एवढं काही नाही, त्यांना वाटलं, पण बुडेपर्यंत हिच्याशी बोलायचं काय?

बायकोने बसायची फळी उपसून काढली आणि फळीनेच डबा बाजूला उडवला. मग त्याच फळीने ती होडी वल्हवू लागली.

"डोकं धरून बसू नका. पाणी उपसा."

"कशाने?"

"डब्याने. आतलं जळालंच आहे."

पुढच्या रविवारी बॅटऱ्या बायकोने बसवल्या. खोकी, झाकणं, पट्टे, सगळं मध्यावर. तिने होडी दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिली. काही सरकलं नाही.

हेडक्लार्क खुशीत आत जाऊन बसले.

"आता हलणारी एकच वस्तू उरलीय," ती म्हणाली. "तुम्ही उतरा."