लटारूची केस

इंग्रजी मला शाळेने नाही, किराण्याच्या पुड्यांच्या कागदांनी शिकवली. म्हणून ती पक्की, असं मी चारचौघांत छातीठोक सांगत असे. ऐन रोवण्यात, धानाच्या लावणीत, माझा साळा लटारू याच्या टाचेत बोरीचा काटा मोडला आणि पाय भोपळ्यासारखा सुजला. त्याची बायको गुणाबाई माझ्याकडे धावत आली.

"भाऊजी, तुमीच न्या. तुमाले इंग्रजी येते. पाय गेला त रोवणा कोण करन?"

बैलबंडीने गडचिरोलीचा दवाखाना गाठला. खिडकीतल्या कंपाउंडरने मान वर न करता फर्मावलं, "आधी केस काढा. मग डॉक्टर पाहतील."

"केस म्हंजे?" लटारूने विचारलं.

"खटला," मी म्हणालो. "इंग्रजी आहे. चाल कचेरीत."

कचेरीपुढे मोहाच्या झाडाखाली अर्जनवीस बसला होता.

"कोणावर केस?"

"काट्यावर," मी म्हणालो.

"काटा कोणाचा?"

"बोरीचा."

"बोर कोणाची?"

"जंगलातली. म्हंजे सरकारची. दवाखान्यात सांगतलं, आधी केस काढा."

त्याने टाक खाली ठेवला. "सरकारवर केस, अन् पाय सरकारी दवाखान्यात? अबे, दवाखान्यातले केस म्हंजे डोक्स्यावरचे. जखमेत पडू नाई म्हणून काढाले लावतात."

"जखम त टाचेले आहे," लटारू म्हणाला.

"केस खालीच पडतात ना? तो पाहा न्हावी."

लटारू अडून बसला. "मी एकटा नाई. भाऊजी, तुमीबी."

दोघे डोक्याचा गोटा करून खिडकीशी परतलो.

"केस काढली?"

"काढले," म्हणत लटारूने पटका सोडला. मी टोपी काढली. कंपाउंडरने पहिल्यांदा मान वर केली. पोट धरून हसला.

"अहो, केस म्हणजे तुमच्या नावाची चिठ्ठी!"

माझं टकुरं तापलं. "मग चिठ्ठी म्हणायले जीभ झिजते का तुमची? ज्याच्या पायात काटा मोडते, त्याले समजन असं बोला."

त्याने टाक उचलला. चिठ्ठी स्वतःच लिहून दिली. डॉक्टरांनी काटा काढला. "आठ दिवसांत धानाच्या बांधीत उतरशील," म्हणाले. बाहेर पडलो, तर खिडकीवर खडूने लिहिलं होतं : नावाची चिठ्ठी इथे मिळेल. माझी छाती पुन्हा फुगली.

ती गावच्या शिवेपर्यंतच. दोन चकचकीत टाळकी बंडीत पाहून गुणाबाईने हंबरडा फोडला. गाव गोळा झालं.

"कोण मेलं जी?"

लटारू पट्टी बांधलेला पाय टेकवत खाली उतरला, नीट उभा राहिला.

"रडू नको वं. माणसं सारी जिती आहेत. भाऊजीची इंग्रजी मेली."

गाव अजून तिच्या तेरवीचं जेवण मागून राह्यलं आहे.