कस्तुरीची मच्छरदाणी

आमच्या गल्लीत एका म्हशीला मच्छरदाणी आहे. हसू नका. चांगली डबलबेडची, निळी, चारी कोपरे गोठ्याच्या खांबांना बांधलेली. आत कस्तुरी रवंथ करत बसते आणि तिची मालकीण गुरव्वाक्का बाहेर स्टुलावर बसून डासांना शिव्या घालते.

आम्ही बार्शीहून सोलापुरात राहायला आलो, त्याच संध्याकाळी ही अक्का दारात येऊन ओरडली, "सोळ्ळे आलं, सोळ्ळे आलं! दार लावा की!" आमच्या हिला वाटलं, सोळा पाहुणे आले. बिचारीने पातेलंभर चहा टाकला. पाहुणे आल्यावर दार कशाला लावायचं, हा प्रश्न आम्हाला चहा उकळल्यावर पडला. सोळ्ळे म्हणजे कानडीत डास! मग अक्कानेच त्यातला दोन कप चहा प्यायला आणि म्हणाली, "चहा बरं हाय. साखर टाकायला हात आखडलंय."

अक्का अक्कलकोटकडची; मला ती तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. तिच्या मराठीत नवरा 'गेलं', म्हैस 'आलं', सून 'रुसलं'. सगळं जगच नपुंसकलिंगी. दिवेलागणीला ती गोठ्यापुढे कडुलिंबाचा ओला पाला धुमसत ठेवते. डास जातात की नाही देव जाणे, माणसं मात्र खोकत घरात पळतात. "मानूस पळालं, मग सोळ्ळे का न्हाय पळनार?" हे तिचं शास्त्र.

या पावसाळ्यात गल्लीत घरोघरी ताप आला आणि खापर फुटलं कस्तुरीवर. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं म्हणून आमच्या सगळ्यांच्या दारात पिंपं भरलेली असतात. पण स्वतःच्या पिंपाला कोण नावं ठेवणार? म्हशीला ठेवणं सोपं. शेवटी शेजारच्या शिंदेसरांना पुढे घालून आम्ही पुरुषमंडळी गोठ्यात गेलो.

"अक्का, म्हैस विकून टाका. तशीही भाकडच आहे," सर म्हणाले.

"भाकड कोन घेतंय, सर? कसाईच की."

मी पाहिलं, अक्काचे दोन्ही दंड डास चावून चावून लाल झाले होते. म्हटलं, "अक्का, निदान ती मच्छरदाणी तरी स्वतःला लावा."

"त्याचं शेपूट तुटलंय, तम्मा. सोळ्ळे कशानं हाकलनार? मला दोन हात हाय की."

"अहो, पण जनावराला इतका जीव लावायचा?" सरांनी नेट लावला.

अक्काने बसल्या बसल्या मच्छरदाणीची कड सारखी केली. मग हळूच म्हणाली, "मालक गेलं. पोरगं पुन्याला. सून मराठी, नातू बी मराठीच बोलतंय. घरात कानडी समजनारं आता हे एकच राहिलं. दिवसभर मराठी बोलून तोंड दुखतंय, सर."

आम्ही सगळे मच्छरदाणीतल्या कस्तुरीकडे बघू लागलो.

"मग काय सांगू त्याला?" अक्काने विचारलं.

सर चपलेकडे बघत म्हणाले, "सांगा... कुठं जायचं नाही म्हणावं."

अक्का उठली, मच्छरदाणी वर करून आत शिरली आणि कस्तुरीच्या कानाशी कानडीत बोलू लागली. निरोप एवढासा, पण आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं.