अर्थिंगची घागर

दर पाळीला घरातलं एक घागर पाणी गायब होतंय हे सिताबाईच्या ध्यानात आलं, तेव्हा तिनं पहिला संशय घेतला तो शेजारच्या कोंडाबाईवर. नवऱ्यावर संशय घ्यावा असं तिच्या मनातही आलं नाही. बिभीषण सोसायटीतला कारकून. सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही, आवाज चढवून बोलणं नाही. असा माणूस घागरभर पाणी चोरून करणार काय? कोंडाबाईची गोष्ट वेगळी होती. तिच्या आणि यांच्या परसात कमरेएवढी भिंत, भिंतीला लागून ओटा, आणि ओट्यावर सिताबाईच्या घागरी. हात लांब केला की काम झालं.

शहाऐंशीचा उन्हाळा होता तो. भूममधल्या त्या गल्लीला एकच सार्वजनिक नळ, आणि त्याला तिसऱ्या दिवशी सकाळी सात ते नऊ पाणी. घरटी सहा घागरी. नळावर इतकी भांडणं झाली की शेवटी गल्लीनं सगळा कारभार सिताबाईच्या हाती दिला. तिच्याच का? तर तिनं एकदा आपल्या सख्ख्या जावेला सातवी घागर भरू दिली नव्हती. नियमही तिनंच घातला होता. जो पाणी चोरील किंवा वाया घालवील, त्याच्या घराची पाळी बंद. सकाळी दोन तास ती नळाजवळच्या दगडावर बसायची, आणि एरवी कुणाला न ऐकणारे बाप्ये तिच्यासमोर हातात घागर घेऊन मुकाट उभे राहायचे. स्वतःच्या घरचं पाणी ती सगळ्यात शेवटी भरायची.

आता खरा घोटाळा इथंच होता. सिताबाई घरात नाही, असे ते दोनच तास बिभीषणाला मिळायचे, आणि बिभीषणाला गिटार वाजवायची असायची.

तरुणपणी तो सोलापूरला एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. ऑर्केस्ट्रा मोडला, तेव्हा विजेची गिटार आणि तिचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्यानं एस.टी.च्या टपावर घालून घरी आणला. अँप्लिफायर म्हणजे एक जडशीळ पेटी. मागून डोकावलं तर आत काचेचे चार दिवे लालसर पेटलेले दिसायचे. त्या पेटीची एक खोड होती. आवाज हळू ठेवला तर डब्यात डास कोंडल्यासारखं नुसतं कुणकुणायची. बटण सातच्या पुढं पिळलं की मग कुठं ते दिवे तापायचे, सूर जरा फाटायचा, लांबायचा, आणि बिभीषणाच्या अंगावर काटा यायचा. फाटका पण गोड, असा तो सूर. त्यासाठी तो काहीही करायला तयार होता. पण सातच्या पुढं पिळलं की फळीवरची भांडीसुद्धा थरथरायची. पहिल्याच दिवशी सिताबाईनं सांगून टाकलं होतं, "म्या घरात आसताना ही पेटी वरडली, तर चुलीत घालीन."

म्हणून त्यानं हौदाची युक्ती काढली. परसात धुण्याचा हौद होता, दोन वर्षं ठणठणीत कोरडा. स्पीकरचा खोका त्यानं हौदात उतरवला, वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर दोन गोधड्या. पेटी आत खोलीत, वायर खिडकीतून. सूर आतल्या आत घुमू लागला, बाहेर फारसा येईना. बिभीषण खूश झाला. मात्र त्या सुरामागं एक घुंऽऽ अशी गुणगुण चालू असायची, ती काही जाईना. वाजवा नाहीतर नुसतं बसा, ती आपली चालूच. वर तारेला बोट लावलं की झिणझिण्या यायच्या.

एस.टी. स्टँडाजवळ मल्लिनाथ रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं येऊन पेटीला कान लावला आणि निदान केलं. घराला अर्थिंग नाही. परसात तीन फूट खड्डा घ्यायचा, त्यात तांब्याची पाटी पुरायची, भोवती कोळसा आणि खडेमीठ भरायचं, पाटीची तार पेटीला जोडायची. एवढं झालं की आवाज गप.

"आन् वरनं पाणी," तो जाता जाता म्हणाला.

"किती?"

"माती वली ऱ्हायली पायजे बगा. वली हाय तवर ही गप. वाळली का पुन्ना चालू."

बिभीषणानं हौदाच्या आडोशाला, भिंतीला खेटून, सिताबाईच्या नजरेआड खड्डा घेतला आणि पाटी पुरली. भूमची जमीन त्या साली दोन हात खोलपर्यंत तडकलेली. पहिली घागर ओतली, ती बघता बघता जिरली. पण गुणगुण खरंच बसली, आणि बिभीषणाला स्वर्ग दोन बोटं उरला. तिसऱ्या दिवशी माती वाळली, गुणगुण परत आली. मग तो पुन्हा एक घागर ओतू लागला. सिताबाई पाचवी घागर ओट्यावर ठेवून सहावी आणायला नळावर जायची, तेवढ्यात पाचवी खड्ड्यात जायची, ती परत येईपर्यंतची दहा मिनिटं बिभीषण गुणगुणीशिवाय वाजवून घ्यायचा, आणि ती दारात आली की पेटीवरची धूळ पुसत असायचा. तिनं विचारलंच तर तो म्हणायचा की ऊन फार आहे, आटत असेल. सकाळी नऊच्या उन्हानं अख्खी घागर आटते, हे सिताबाईला पटायचं नाही. पण नवरा खोटं बोलत असेल हे त्याहून पटायचं नाही. मग उरली कोंडाबाई.

सिताबाईनं तोंडानं एक अक्षर काढलं नाही. फक्त पुढच्या पाळीपासून कोंडाबाईला रांगेत शेवटी उभं केलं आणि तिच्या घागरी भरताना डोळे मोठे करून बघू लागली. कोंडाबाई एकटी बाई, घरात ती आणि तिची शेळी. तिला हे झोंबलं. आपलं काही चुकलेलं नसताना ही बाई आपल्याला शेवटी का लोटते? म्हणजे हिच्याच मनात काहीतरी काळं असणार. तिनं आपला कान भिंतीला लावला.

आणि तिला ऐकू आलं. घुंऽऽ. हौदातून, जमिनीखालून आल्यासारखं. वर गिटारची टुणटुण होती, ती हा आवाज झाकायलाच, असं तिनं धरलं. त्या उन्हाळ्यात असला आवाज कशाचा हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. नळाच्या पाइपाला चोरून मोटर लावली की पाणी सगळं त्या घरात आणि गल्लीच्या नळाला करंगळीएवढी धार. कोंडाबाईनं चार पाळ्या नीट लक्ष ठेवलं. नळ सुटला की आवाज सुरू, नळ गेला की आवाज बंद. इतर दिवशी चिडीचूप. आणखी कुठला पुरावा पाहिजे?

गल्लीत जमादार म्हणून रिटायर झालेले तात्याराव होते. कोंडाबाई त्यांच्याकडं गेली.

"तात्या, सिताबाई दोन-दोन तास नळावर बसती ती कशापायी, आलं का ध्यानात? समद्यांस्नी तिथं उभं करायचं, म्हंजे घराकडं कुनी फिरकत न्हाय."

तात्यारावांनी तीस वर्षं चोर पकडले होते. त्यांना हे इतकं सरळ वाटलं की आपल्याला आधी का सुचलं नाही याचाच त्यांना राग आला. तरी त्यांनी सबुरी धरली. आवाज अधूनमधून बंदही पडतो, असं कोंडाबाईनं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की मोटर तापत असेल, मधे विश्रांती देत असतील. मुद्देमाल मिळाल्याशिवाय हात घालायचा नाही असं त्यांनी ठरवलं.

मुद्देमाल शेळीनं दिला. कोंडाबाईची शेळी रोज दावं तोडून बिभीषणाच्या परसात जायला लागली. तिला हाकलायला कोंडाबाई भिंतीवरून वाकली तर शेळी जमीन चाटत होती, आणि जमीन ओली होती. सगळ्या भूममध्ये मातीचा धुरळा उडतोय आणि इथं चिखल. पाइप इथंच फोडलाय, यात आता शंका उरली नाही.

रविवारची पाळी होती. तात्याराव गल्लीतली दहाबारा माणसं घेऊन परसात शिरले तेव्हा बिभीषण आत खिडकीशी गिटार मांडीवर घेऊन बसला होता. माणसं बघून त्यानं घाईनं पेटी बंद केली. घुंऽऽ थांबलं. तात्यारावांनी कोंडाबाईकडं बघून मान हलवली.

नळावर सिताबाईला निरोप पोचला. तिनं नळाची चावी आवळली, रांगेला तिथंच उभं राहायला सांगितलं आणि पदर खोचून घरी आली. कोंडाबाईनं मोटरीचं सगळं तिच्या तोंडावर सांगितलं. सिताबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. नवऱ्याच्या चेहऱ्याकडं तिनं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"खणा," ती म्हणाली. "माझ्या घरात मोटर निघाली, तर आमची पाळी कायमची बंद. म्या सोता बंद करते."

खणायला दुसरं कोण? टिकाव बिभीषणाच्याच हातात दिला. आपण पुरलेलं आपणच काढताना माणसाचं जे होतं, ते त्याचं झालं. आधी मीठ निघालं. मग कोळसे. मग हिरवट पडलेली तांब्याची पाटी आणि तिला जोडलेली तार. कोंडाबाई चार पावलं मागं सरकली आणि शेळीलाही तिनं ओढून घेतलं. मीठ, कोळसा, तांबं, जमिनीत पुरलेलं. ही मोटर नव्हती, ही करणी होती, आणि तिच्याच भिंतीला खेटून.

मग मात्र बिभीषणाला बोलावंच लागलं. त्यानं हौदावरच्या गोधड्या काढून खोका दाखवला, पेटी दाखवली, अर्थिंग म्हणजे काय ते सांगितलं. त्यावर पाणी का लागतं, हे सांगायला तो फार वेळ घेऊ लागला.

"आन् ती घागर?" सिताबाईनं विचारलं.

"म्याच वतली."

"किती?"

"धा-बारा झाल्या आसत्याल."

सिताबाई ओट्यावर बसली. तिला लाज वाटली, आणि ती नवऱ्याची नव्हती. महिनाभर तिनं कोंडाबाईला उगाच शेवटी उभं केलं होतं. तोंडानं एक शब्द न बोलता चोर ठरवलं होतं. पेटीला चुलीत घालायचंही तिला त्या वेळी सुचलं नाही.

तात्याराव मात्र असल्या कबुलीवर विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. चोर धाकटा गुन्हा कबूल करतो तो मोठा लपवायला, असा त्यांचा अनुभव. पाण्यानं कुठं यंत्राचा आवाज बंद होतो? त्यांनी हुकूम सोडला की सगळ्यांसमोर पाटी परत पुर, पेटी चालू कर आणि पाणी ओतून दाखव. बिभीषणानं पाटी पुरली, माती लोटली, पेटी चालू केली. हौदातून घुंऽऽ सुरू झालं. आता पाणी कुणाचं? ओट्यावरच्या घागरींना हात लावायची बिभीषणाची हिंमत नव्हती. कोंडाबाईला तर त्याला खोटं पाडायची इतकी घाई, की ती घरात जाऊन मागच्या पाळीची उरलेली आपलीच भरली घागर घेऊन आली.

"वता," तात्याराव म्हणाले.

कोंडाबाईनं घागर उपडी केली. माती चुर्र झाली. सगळे हौदाभोवती वाकले. घुंऽऽ हळूहळू बारीक झालं, आणखी बारीक झालं, आणि थांबलं. तेवढ्या शांततेत बिभीषणानं न राहवून एक तार छेडली. हौदातून सूर निघाला तो काय सांगावा. फाटका, गोड, लांबच लांब. गेली सात वर्षं तो ज्याच्या मागं लागला होता तोच. पण बिभीषण सोडून त्याच्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं, कारण सिताबाई ओट्यावरून उठली होती.

"ही घागर कुनाची वतली?"

"माझी," कोंडाबाई म्हणाली.

"वता म्हनून कोन बोललं?"

तात्याराव खाकरले. ते म्हणाले की हे पाणी वाया घालवणं नव्हे, ही तपासणी होती, तपासणीचं पाणी धरायचं नसतं.

"मंग आमच्या ह्येंनीबी आवाज जातो का न्हाय ह्येच तपासलं की," सिताबाई म्हणाली. "धरायचं तर समद्यांचं धरा, न्हाय तर कुनाचंच नगं. म्या धरनार. येत्या पाळीला आमचं घर, कोंडाबाईचं घर आन् तात्या, तुमचं घर. तिघांच्या घागरी पालथ्या."

तात्यारावांनी मदतीसाठी मागं बघितलं. मागची माणसं आपल्या घागरी नळावर एकट्या असल्याचं आठवून एकेक करत निघून चालली होती.

सगळे गेल्यावर सिताबाई कोंडाबाईपाशी गेली. मी तुझ्यावर शक घेतला, चुकलं माझं, असं तिनं सरळ सांगितलं, आणि आजपासून रांगेत तू पहिली, हेही सांगितलं. कोंडाबाईनं मान डोलावली. मग सिताबाई नवऱ्याकडं वळली. बिभीषण पेटी उचलून चुलीकडं न्यायला आधीच तयार उभा होता.

"अवो, खड्डा हितं भितीपाशी कशापायी घेतला? आंगुळीचं, भांड्याचं पाणी मोरीतनं रोज भायेर जातंयच की. मोरीच्या तोंडाला घेतला आस्ता तर फुकटात वला ऱ्हायला आस्ता."

मल्लिनाथाला नाही सुचलं, बिभीषणाला नाही सुचलं. त्याच दिवशी त्यानं पाटी उपटून मोरीच्या तोंडाशी पुरली. तिथली माती कायम ओली राहू लागली, आणि ती गुणगुण जी गेली ती परत म्हणून आली नाही. एक पाळी तिन्ही घरांनी नातेवाइकांकडून हंडाभर मागून कशीबशी काढली. सिताबाई पुन्हा दगडावर बसू लागली आणि कोंडाबाई रांगेत पहिली उभी राहू लागली. सगळं मिटलं.

फक्त कोंडाबाईच्या जिवाला चैन पडेना. पाण्याच्या पाळीला ती आपल्या सहा घागरी सगळ्यांच्या आधी भरून घरी यायची आणि भिंतीला कान लावायची. गिटारचा सूर तेवढा यायचा. घुंऽऽ काही यायचं नाही. तीनचार पाळ्या तिनं असं ऐकलं, आणि मग पदर सावरत ती परत तात्यारावांच्या दारात गेली.

"तात्या, आता आवाज बिलकुल येत न्हाय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "लई भारी मोटर आनलीय त्येंनी."