आधी तेल

या, जरा पुढे सरकून बसा, मागच्यांनाही जागा होऊ द्या. एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो. त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं, देवानं त्याला काही कमी केलं नव्हतं, आणि तरी एका रविवारी साडेनऊ ते दोन एवढ्या वेळात तो पार खचला. हसू आलं तर हसा, पण बेतानं.

हे गृहस्थ दातांचे डॉक्टर. उभा जन्म लोकांना "दुखायच्या आधी या" म्हणून सांगण्यात गेला आणि लोक दुखल्यावरच येत राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन माणसांचं एक जुनं विमान घेतलं आणि मनात साठलेली सगळी काळजी त्याच्या इंजिनावर ओतली. विमान आठवडाभर उभं राहिलं की तेल तळाला उतरतं, आणि सुरू करताना पहिले काही क्षण लोखंडावर लोखंड कोरडं घासतं, हे वाचल्यापासून त्यांची झोपच उडाली. शेवटी त्यांनी विजेवर चालणारा एक पंप मागवला. बटण दाबून धरलं की हा डब्याएवढा पंप तेल वर चढवतो, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात येतो, आणि मग किल्ली फिरवायची. तो बसवायला धावपट्टीवरच्या मिस्त्रींना तीन रविवार लागले, त्यातले दोन डॉक्टरांच्या मदतीमुळे.

तेवढ्या काळात विमान जागचं हललं नाही. डॉक्टरांची बायको बोलून दाखवणारी नव्हे, पण शेवटी तिनंही सांगून टाकलं, "या रविवारी मला वर न्या. नाहीतर ते विकून टाका. तुमच्या शर्टांचं तेल काढून माझे हात गेले." डॉक्टरांनी शब्द दिला.

रविवारी हवा अशी, की विमानानं आपण होऊन उडावं. डॉक्टरांनी बटण दाबलं, पंप घूं करून बोलला, काटा हिरव्यात आला. ते कौतुकानं बायकोकडे वळले, तर हेडफोन तिच्या अंबाड्यावर बसेना. अंबाडा सोडून खाली बांधण्यात आठ मिनिटं गेली. एव्हाना तेल उतरलं असणार, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा बटण दाबलं.

बाहेर उभ्या मिस्त्रींनी खिडकीशी येऊन सांगितलं, की एकदा चढलेलं तेल दिवसभर जात नाही, आणि हा पंप त्याच बॅटरीवर चालतो जिच्यावर इंजिन सुरू व्हायचंय.

"सकाळी दात घासले म्हणून रात्री घासायचे नाहीत का?" डॉक्टर म्हणाले.

मिस्त्री गाल चोळत मागे सरले. त्यांचे स्वतःचे चार दात डॉक्टरांनीच काढले होते.

मग टॉवरनं थांबायला सांगितलं, दोन शिकाऊ विमानं उतरायची होती. ती बारा मिनिटांनी उतरली, की डॉक्टरांचं बटण. मग चाकापाशी तेलाचा थेंब दिसला. मिस्त्री पाठीवर सरपटत खाली गेले, प्रत्येक जोड चाचपला, आणि थेंब डॉक्टरांच्याच बाहीतून पडल्याचं सांगत वर आले. पुन्हा बटण. या वेळी पंपाचा आवाज पेंगुळलेला, आणि काटा निम्म्यावर अडला. निम्म्यावर कसं सोडायचं? डॉक्टरांनी अंगठा पांढरा होईतो बटण दाबून धरलं. काटा एकदाचा हिरव्याला टेकला. त्यांनी किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक् सुद्धा नाही.

मिस्त्रींची जीप आणली, तर तिची बॅटरी बारा व्होल्टची आणि विमानाला हवेत चोवीस. पंखा हातानं फिरवाल का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर मिस्त्रींनी दोन्ही हात खिशात घातले. चार्जरला सहा तास लागणार होते आणि धावपट्टी पाचला बंद. दोन वाजले. डॉक्टर सीटवर बसून राहिले. इतकं तेल प्यायलेलं इंजिन त्या दिवशी जगात दुसरं नसेल, आणि ते ढिम्म.

"विकून टाकू," ते कसंबसं म्हणाले. "उद्या जाहिरात देतो."

बायकोनं हेडफोन उतरवून मांडीवर ठेवला. तिचा चेहरा न्हाऊन आल्यासारखा प्रसन्न होता.

"नको," ती म्हणाली. "विकायचं नाही."

"अगं, पण तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले. वाटलं, कुठले नेताय तुम्ही. आत बसले आणि हातपाय गार पडले. तुम्ही बटण दाबत होतात तेव्हा मी डोळे मिटून नाव घेत होते. देवाला म्हटलं, आज हे उडू देऊ नकोस, मी जन्मात यांना ते विकायला लावणार नाही." तिनं समोरच्या बटणावर पदराचं टोक फिरवून धूळ पुसली. "देवाला दिलेला शब्द आहे. ठेवा तुम्ही विमान. दर रविवारी येईन मी, डबा घेऊन. फक्त एक करा."

"काय?"

"आधी पंप नीट दाबत जा."

डॉक्टर दर रविवारी नीट दाबतात. तेव्हा मंडळी, कधी निवांत हात जोडलेत, तर स्वतःचं मागून झाल्यावर त्या दातांच्या डॉक्टरांची आठवण ठेवा. त्यांच्यासाठीही थोडं मागा. पण हळू आवाजात, कारण शेजारी त्यांची बायको मागत असेल, आणि तिचं ऐकलं जातं.