कोंडाबाईंची गाडी चढावर बंद पडते

मुलांनो, एका जंगलात मोटारसायकली येऊन पोचल्या होत्या. रस्ते अजून यायचे होते. तरी सगळे प्राणी हौसेने गाड्या चालवत.

त्या जंगलात कोंडाबाई नावाची साळिंदर राहायची. ती सुईण होती. पूर्वी ती बाळंतपणाला चालत जायची आणि बहुतेक वेळा बारशालाच पोचायची. म्हणून जंगलाने तिला मोटारसायकल घेऊन दिली.

एके सकाळी येसू भेकर धापा टाकत तिच्या दारात आला. त्याची बायको सगुणा पहाटेपासून अडली होती. कोंडाबाईने त्याला मागे बसवलं, काटे टोचणार नाहीत इतकं मागे, आणि गाडी सोडली.

करवंदीच्या चढावर गाडीला दम लागला. तिने दोन गचके दिले आणि ती बंद पडली. जरा थांबून किक मारली तर सुरू झाली, पण पन्नास पावलांवर पुन्हा बंद. मग मात्र काही केल्या सुरू होईना.

कोंडाबाईने गाडी हलवून पाहिली. टाकीत पेट्रोल डुचमळलं. म्हणून टाकीचं झाकण कोणी उघडलं नाही.

तेवढ्यात गुणाजी तरस आला.

"बाजूला व्हा," तो म्हणाला. "मी सहा वर्षं गाडी चालवतोय."

त्याने चाळीस किका मारल्या. मग तो खाली बसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही हिला नीट चालवत नाही."

मग झाडावरून चिंधू माकड उतरलं. त्याने प्लग काढला, हुंगला, पोटावर घासला. मग कार्ब्युरेटर सोडवला. मग आणखी काय काय सोडवलं आणि सगळं पळसाच्या पानांवर मांडलं.

"अहो, तिकडे सगुणा एकटी आहे," येसू म्हणाला.

"घाई करून चालत नाही," चिंधू म्हणालं. "हे तांत्रिक काम आहे."

ऊन डोक्यावर आलं. येसू उठला आणि चालायला लागला. थोडं पुढे जाऊन तो परत आला. एकटं जाऊन तो करणार तरी काय होता?

शेवटी हौसाक्का घोरपड तिथून चालली होती, ती थांबली. तिने पानांवरच्या भागांकडे पाहिलंच नाही.

"एकदम बंद पडली, की दम लागून?" तिने कोंडाबाईला विचारलं.

"दम लागून."

"आणि थांबल्यावर थोडी चालली?"

"हो, पन्नास पावलं."

हौसाक्काने चिंधूला सगळं होतं तसं बसवायला लावलं. मग तिने टाकीचं झाकण उघडलं. आतून 'सूं' असा आवाज आला.

"पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला हवी," ती म्हणाली. "त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. त्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलंय. बाई, एक काटा द्या."

कोंडाबाईने पाठीवरचा काटा उपटून दिला. हौसाक्काने भोक मोकळं केलं आणि झाकण लावलं. एका किकमध्ये गाडी सुरू झाली.

कोंडाबाई पोचली तेव्हा पाडस पायाकडून येत होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर मायलेकरं दोघंही हाती लागली नसती. कोंडाबाई दिवस मावळेपर्यंत झटली. मग पाडस शिंकलं, आणि येसू बाहेर जाऊन रडला.

बाराव्या दिवशी बारसं झालं. येसूने उभं राहून सगळ्यांचे आभार मानले. गुणाजी आणि चिंधूला त्याने शाल-नारळ दिला.

"या दोघांनी भर उन्हात किती कष्ट घेतले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय," तो म्हणाला.

"आणि हौसाक्का?" कोंडाबाईने विचारलं.

"तिने काय, झाकण उघडलं," येसू अगदी सरळ मनाने म्हणाला. "ते मीही उघडलं असतं."

हौसाक्का मागे बसून घुगऱ्या खात होती. तिने ते ऐकलं आणि ती खात राहिली.

महिन्याभराने गुणाजीची गाडी बंद पडली. हौसाक्काला आल्या आल्या दिसलं की प्लगची टोपी निसटली आहे.

तिने गोणपाट अंथरलं. सगळं इंजिन खोललं. प्रत्येक नट पुसून उन्हात धरला. दोनदा चहा मागवला. मधूनमधून ती मान हलवायची आणि "कठीण आहे" म्हणायची. गुणाजी शेजारी बसून तिला वारा घालत होता. तिन्हीसांजेला तिने सगळं परत बसवलं आणि जाता जाता ती टोपी दाबली.

गाडी सुरू झाली. गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अशी कारागीर या जंगलात दुसरी नाही," तो सगळ्यांना सांगत सुटला.

तात्पर्य : मुलांनो, गाडी बंद पडली तर आधी सगळ्यात सोपं ते तपासावं. मात्र कोणी बघत असेल, तर त्याआधी इंजिन खोलावं.